दाजींची बिनरश्श्याची पंगत

आमच्या दाजींच्या पंगतीतून अर्धपोटी उठलेला माणूस उभ्या सातारा जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. फौजेतून निवृत्त झाले आणि कोरेगावजवळ ऊस बघत बसले. ऊस आपला आपण वाढतो. दाजींचं सगळं लक्ष माणसांच्या ताटाकडे. मटण घरात नाही, मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर शिजणार आणि तेही दाजीच शिजवणार, हा त्या घरचा कायदा. वाढायला उभे राहिले की ताटावर आडवा धरलेला हात त्यांना दिसतच नाही. एकदा मी दोन्ही पंजे ताटावर पसरले, तर या गृहस्थांनी रस्सा माझ्या बोटांवरून ओतला आणि वर मलाच म्हणाले, "पावनं, हात काडा की, भाजंल!"

तिखटाच्या बाबतीत तर मी त्यांना मनातून हात जोडतो. लवंगी मिरची ते भाकरीबरोबर काकडीसारखी कुरकुरत खातात, आणि खाताना तुमच्याशी पाटाच्या पाण्याबद्दल बोलत असतात. डोळ्यात टिपूस नाही, कपाळाला घाम नाही. पुण्याच्या एका पाहुण्याने जेवता जेवता चिमूटभर साखर मागितली, तेव्हा दाजींनी आत आवाज दिला, "आगं, च्या टाक, जेवान झालं पावन्यांचं!" तो बिचारा पुन्हा कोरेगावला आला तो आधी घरून जेवूनच.

अशा घरात थायलंडची सून आली. माझा भाचा नोकरीला बँकॉकला गेला होता, तिथंच त्याने लग्न केलं. पोरगी तिकडच्या दक्षिणेकडच्या खेड्यातली. यंदाच्या थंडीत पहिल्यांदाच सासरी आली. सदा हसतमुख, वाकून नमस्कार करणारी; पण ताटात वाढलेलं ताटातच. दाजी तिच्याशी फौजेतल्या हिंदीत, नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसे मोठ्याने बोलत, "बेटी, और लो! शरमाना नहीं!" ती हात जोडायची आणि भाकरीचा तोच तुकडा परत मोडायची. शेवटी दाजींनी मला सांगलीला फोन केला. "पावनं, पोरगी खाईना." इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "तिला हितं करमलं न्हाई तर ती परत यायची न्हाई. आन ती न्हाई आली, तर आपलं प्वार तरी कशाला येतंय?"

भाच्याकडून कळलं की तिच्या माहेरी आई एक सुकं मटण करते, जहाल तिखट, नाव खुआ क्लिंग. दाजींनी नाव बाजूला ठेवलं आणि 'सुनंचं सुकं' करायची प्रतिज्ञा केली. मी सांगलीहून ओली हळद घेऊन गेलो. गवती चहा न्हाणीमागे माजलाच होता. तो आपण चहात टाकतो हे बघून सून पहिल्यांदा खळखळून हसली. तिच्याकडे कसलीशी झिंग्यांची चटणी असते, तिच्या जागी बाजारातलं सुकट भाजून कुटलं. मोबाईलवर कृतीचा व्हिडिओ चालू आणि समोर दाजी सावधान उभे. पण तेल नाही, पाणी नाही, कांदा नाही, हे ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. "बिनरश्श्याचं मटान? भावकी म्हनंल, ह्येच्या घरात पानी बी सरलं."

पण केलं हो! सोमवार, गुरुवार, शनिवार टाळून रविवारी केलं. लवंगी मिरच्या, हळद, गवती चहा, लसूण, सगळं स्वतः पाट्यावर वाटलं. मटण सुरीने खिम्यासारखं बारीक चिरलं आणि कोरड्या कढईत वाटणासकट परतायला घेतलं. असा काही ठसका उठला म्हणता! आक्का पदर तोंडाला लावून रस्त्यावर, मी गोठ्यात, शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. त्या धुरात दाजी एकटे, उलथनं हलवत, पापणीही न लववता. आणि त्या धुराकडे चालत गेली ती एकटी सून. डोळे मिटून तिने वास घेतला आणि भाच्याला काहीतरी म्हणाली. "काय म्हनली?" दाजी घाबरून. "भूक लागली म्हणती," भाचा म्हणाला. दाजींनी तोंड फिरवलं. धूर डोळ्यात गेला म्हणाले, पण धूर तर केव्हाचा होता.

आता घोटाळा झाला तो इथे. सून बघायला भावकी जमलेली. त्या घरात पहिली पंगत पुरुषांची, बायका मागून. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटायचं कारणच नव्हतं. दाजी कढई घेऊन उभे राहिले आणि त्यांच्या अंगात वाढप संचारलं. "घ्या! सुनंच्या म्हायारचं हाय! न्हाई म्हनायचं न्हाई!" पहिल्या घासाला पंगतीची नाकं गळायला लागली. माणसांच्या कानांतून वाफ निघायची तेवढी राहिली. पण तिखट लागलं असं साताऱ्याच्या मातीत कोण कबूल करणार? नाकं पुसत एकेक जण म्हणाला, "हॅ, ह्यात काय न्हाई, वाडा आनखी." दाजी हरखून वाढत गेले. शेवटचा घास एका चुलत्याच्या ताटात पडला, पळी कढईच्या तळाला वाजली, तेव्हा त्यांना कळलं.

स्वयंपाकघराच्या दारात सून ताट घेऊन उभी होती. दाजींनी कढईत बघितलं, तिच्याकडे बघितलं. फौजेतला तो गडी लहान पोरासारखा म्हणाला, "आरं द्येवा, हे मी काय केलं रं!" सुनेने त्यांच्या हातातली कढई काढून घेतली, आत नेली, तिच्यात पातेल्यातला भात टाकला, तळाला चिकटलेलं सगळं भाताने निपटलं आणि आक्काला हाताला धरून शेजारी बसवलं. सासू-सुना एकाच कढईत जेवल्या. दोघींच्या डोळ्यांना धारा, दोघी हसतायत. दाजी उंबऱ्यावर रिकामी पळी घेऊन उभे. एवढ्या जन्मात आक्का जेवताना त्यांनी कधी बघितलीच नव्हती, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. वारकरी नव्हे, पण सोमवार पाळणारे दाजी चुलीपाशी गेले, म्हणाले, "महादेव समजून घील." पुन्हा सुकं केलं, आधी दोन ताटं मांडली आणि म्हणाले, "बसा दोगी." भावकीतला एक जण चेष्टेने काही बोलायला गेला, त्याला त्यांनी नुसतं बघूनच बसवलं.

पोरं परत गेली. पुन्हा कधी येतील, त्यांच्या रजा कधी जुळतील, कोण सांगणार? परवा मी कोरेगावला गेलो होतो. दाजींनी तव्यावरची भाकरी काढून आधी आक्काच्या ताटात टाकली. मी बघतोय म्हटल्यावर आक्का लाजली. "येवडी वर्सं भाकऱ्या थापल्या रं," ती म्हणाली, "पन गरम भाकरी अशी लागती, ह्ये आत्ता कळलं." तेवढ्यात बँकॉकचा फोन आला. पडद्यावर सून. नमस्कार नाही, तब्येत नाही, शिकून घेतलेले दोनच शब्द तिने सासऱ्यांना विचारले, "आई जेवली?"

दाजींनी फोन आक्काच्या ताटाकडे वळवला.