भुवईवरची खूण

“हसू नोको. हसऱ्या फोटोकडं पाहून घरचे जास्त रडतेत.”

असं म्हणत फोटोवाले काकाजी समोरच्या जवानाच्या हनुवटीखाली दोन बोटं लावायचे, मान थोडी वर करायचे आणि मग मागे सरकून कॅमेऱ्याला डोळा लावायचे. पोरगा घाबरून ताठ व्हायचा. काकाजींना तेच हवं असायचं.

अर्जुनी मोरगावात स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता आणि त्याला लागून माझं शिलाईचं दुकान. मधली भिंत इतकी पातळ की त्यांचा खोकला मला ऐकू यायचा आणि माझ्या मशीनची खडखड त्यांना. सुट्टीवर आलेला जवान फोटोला आला की ते भिंतीवर थाप मारायचे. “बाई, सुई घेऊन या!” मी जायची, सैल बटण टाचायची, ढगळ शर्ट पाठीमागून पिनांनी आवळायची. पुढून पाहणाऱ्याला वाटावं, काय छाती आहे!

तुम्ही म्हणाल, मोबाइलच्या काळात स्टुडिओत कोण जातं? आमच्याकडचे फौजी जायचे. आईला भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा असायचा. मागे बर्फाच्या डोंगरांचा पडदा. तो गोंदियाच्या पेंटरने रंगवला होता. बर्फ ना त्याने पाहिला होता ना काकाजींनी.

फोटो काढून झाला की काकाजी कॉम्प्युटरवर बसायचे. उन्हाने रापलेला चेहरा उजळ करायचे, डाग पुसायचे, मिशी दाट करायचे. मी एकदा म्हटलं, “काकाजी, तुमचे सगळे फौजी सख्खे भाऊ दिसून राहिले.”

“तुमाले दिसत असतीन,” ते म्हणाले. “मले एकेक ओळखू येते.”

आम्ही दोघंही हसलो होतो.

त्या वर्षी सीमेवर लढाईची चिन्हं दिसू लागली. सुट्ट्या रद्द झाल्या आणि गावोगावची पोरं बॅगा उचलून निघाली. गाडीला वेळ असला की फोटोसाठी थांबायची. एका दुपारी दोघं लागोपाठ आले. पहिला प्रफुल. तो एकटाच होता. “फोटो करून ठेवा, पुढच्या सुट्टीत आलो का नेतो,” म्हणून निघून गेला. दुसरा सूरज, नवेगाव बांधच्या पलीकडच्या एका खेड्यातला. त्याच्याबरोबर त्याची आई होती. दुसऱ्याच्या धानात रोवणी करून तिने त्याला वाढवला होता. तिच्या नखांत चिखल तसाच होता.

“भाऊ, त्याच्या भुवईवरची खूण राहू द्याजा,” ती काकाजींना म्हणाली. “लहानपनी बैलाच्या बंडीवरून पडला होता. तेवढी राहू द्याजा.”

काकाजींनी मान डोलावली. संध्याकाळी सवयीने त्यांनी ती खूण पुसली. फोटोंना नावं दिली फौजी एक, फौजी दोन.

पंधरा दिवसांत सूरज गेल्याची बातमी आली. आई फोटो न्यायला आलीच नव्हती. आली ती गावातली चार-पाच माणसं, फटफट्यांवर, घाईत. “सूरजचा फोटो द्या. फ्लेक्स छापायचा आहे.” काकाजी उभ्याउभ्याच कॉम्प्युटरवर वाकले. त्यांनी फाइल दिली.

दुसऱ्या दिवशी चौकाचौकात फ्लेक्स लागले. आमच्या रस्त्यावरही एक होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले. सूरजच्या शर्टाचं बटण मी टाचलं होतं, त्याच्याशी बोलले होते. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पण म्हटलं, स्टुडिओतला फोटो थोडाच माणसासारखा असतो? आणि मी दुकानात येऊन मशीन सुरू केली. गावच्या लोकांनीही असंच म्हटलं असेल. आई तर घरात शुद्धीवर नव्हती. तिने कोणता फ्लेक्स पाहायचा?

काही महिन्यांनी सूरजच्या गावच्या चौकात त्याच फोटोवरून पुतळा झाला. पाहुणे आले, बॅण्ड वाजला, पडदा सरकला.

आठवडाभराने सूरजची आई एसटीने आली. आधी माझ्या दुकानात बसून पाणी प्यायली. मग स्टुडिओत गेली. मीही मागोमाग गेले.

“भाऊ,” ती म्हणाली, “तो माहा सूरज नोहोय.”

काकाजींनी कॉम्प्युटर सुरू केला. एक नंबर उघडला, दोन नंबर उघडला. कितीतरी वेळ ते दोन्हीकडे पाहत राहिले. फ्लेक्सला गेला होता तो एक नंबर, प्रफुलचा. मग त्यांनी दोन नंबरचा हात न लावलेला मूळ फोटो शोधून काढला. काळासावळा पोरगा, भुवईवर तिरपी खूण. आईने पडद्यावर तिथेच बोट ठेवलं.

“तुमी त्याच टायमाले काऊन नाई बोलल्या?” काकाजींनी विचारलं.

“कोनाले बोलू? मोठे लोक होते. माहा हात धरून त्यायनं हार टाकाले लावला. मी टाकला.”

दुसऱ्या दिवशी काकाजी तो फोटो घेऊन पुतळ्याच्या समितीकडे गेले. मीही गेले होते, कारण आता मला गप्प बसवत नव्हतं. अध्यक्षांनी फोटो पाहिला आणि परत केला.

“टोपी आहे, मिशी आहे, खाली नाव आहे. आणखी काय पाहिजे?”

“चेहरा पाह्यजे,” काकाजी म्हणाले.

“आता लोकार्पण झालं काकाजी. गावाची बदनामी करता का?”

ते पुन्हा गेले. मग अर्ज केले. मग सूरजच्या गावच्या ग्रामसभेत हात वर करून उभे राहिले. “चूक माही आहे. मी चुकीचा फोटो देल्लो. माह्यावर काय करायचं ते करा, पन पुतळा बदला.” लोकांनी त्यांना खाली बसवलं. म्हातारा भ्रमिष्ट झाला, असं हळूहळू आमच्या रस्त्यावरही म्हणू लागले. ज्यांच्या लग्नांचे फोटो त्यांनी काढले होते, तेच.

वर्षाने प्रफुल सुट्टीवर आला. कोणीतरी त्याला सांगितलं होतं. तो आधी पुतळा पाहून आला आणि मग स्टुडिओत. मला वाटलं, आता हा काकाजींची कॉलर धरणार. पण तो हसत होता.

“काकाजी, मी जित्ता आहो अन् माह्या गयात हार पडून राहिले.”

काकाजी हात जोडून उभे राहिले. प्रफुलचं हसू मावळलं. तो स्टुलावर बसला. “माय त्या पुतळ्याच्या रस्त्यानं जात नाई. म्हन्ते, फौज सोड, हे चांगलं नोहोय. आता तिले काय सांगू?” मग कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणाला, “माहा फोटो पुसून टाका. नाई पाह्यजे मले.”

काकाजींनी त्याच्यासमोर तो पुसला. निघताना प्रफुल दारात थांबला. “जाऊ द्या काकाजी. मी गेलो तर पुतळा तयार आहे. खालचं नाव तेवढं बदलाजा.”

त्यानंतर काकाजींनी फौजींचे फोटो काढणं बंद केलं. डोंगरांचा पडदा गुंडाळून ठेवला. पासपोर्टचे फोटो काढायचे, तेही जसे येतील तसे. मुरूम असलेल्या एका मुलीने “काका, हे काढून टाका ना” म्हटलं, तर तिच्यावर ओरडले.

सूरजचा मूळ फोटो मोठा करून, काचेत बसवून ते स्वतः पोचवायला गेले. मी सोबत होते. आईने तो बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावला आणि चहा ठेवला. काकाजींनी कप हातात घेतला, पण त्यांना पिता येईना. चहावर साय धरली. परतीच्या एसटीत ते एकच वाक्य बोलले, “तिनं एकच गोष्ट मांगली होती, बाई.”

मागच्या हिवाळ्यात खोकल्याने ते गेले. मुलगा नागपूरहून आला, तेरवी केली, स्टुडिओ भाड्याने दिला. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

परवा ब्लाउज द्यायला मी सूरजच्या गावी गेले. आई चौकात पुतळ्यापाशी उभी होती. हातात ओलं फडकं, पायाशी पाण्याची बादली. पुतळ्याचं कपाळ, नाक, मिशी ती पुसत होती.

“फोटोवाले भाऊ कसे आहेत?” तिने विचारलं.

मी सांगितलं. तिचा हात थांबला.

“माफी मांगाले तो एकच मानूस आला होता,” ती म्हणाली. मग फडकं बादलीत बुडवून पिळलं आणि पुन्हा पुसू लागली.

मला राहवलं नाही. “मावशी, हा तर तुमचा सूरज नाही. मग याला कायले पुसता?”

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पुतळ्याच्या कानामागची माती फडक्याच्या टोकाने काढत म्हणाली, “त्याची माय येत नाई ना इकडं.”