वर्तणूक चांगली

प्रितमदादा मेश्राम अमेरिकेत, फ्रीमाँटला राहतात आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने मी. ते नागपूरचे, मी दिग्रसचा. भाजीत तिखट किती, यावर आमचं एकमत आहे. बाकी कशावरच नाही.

हर्षितावहिनी आईच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेल्या आणि परतीच्या व्हिसाच्या स्टॅम्पिंगची तारीख पुढे ढकलत गेल्यामुळे तिकडेच अडकल्या. घरात उरलो दादा, त्यांची आठ वर्षांची अनिका आणि मी. तिघं मिळून इतका कमी आवाज करतो, की डिशवॉशर लावला की पाहुणे आल्यासारखं वाटतं.

जाताना वहिनी एकच सांगून गेल्या होत्या: हुशार मुलांसाठी शाळेचा जो गिफ्टेड प्रोग्राम असतो, त्यात अनिकाची निवड व्हायला हवी, तेवढं बघा. दादांनी ते मनावर घेतलं. त्यात शेजारच्या रेखाकाकू येता-जाता सांगायच्या, "आमचा अनय दोन वर्षं क्लासला जात होता, तेव्हा कुठे मिळालं हो!" दादांची झोप उडाली. इतक्या लांबून वहिनींना कळवण्यासारखी एक तरी चांगली बातमी त्यांना हवी होती.

लेखी परीक्षा बरी गेली. मग शाळेतल्या बाईंनी पालकांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं, मुलगी घरी कशी असते ते सांगायला. दादांनी वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्म्युडा घातला. मी पोह्यांसाठी कांदा चिरत होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"घरी ती कशावरून वाद घालते?" बाईंनी विचारलं.

"वाद? नो मॅडम. नेव्हर."

"प्रश्न खूप विचारते का?"

"अजिबात नाही. सांगितलं तेवढंच करते."

"एखाद्या गोष्टीत रमली की जेवायचं विसरते, असं होतं?"

"साडेसहाला जेवते. रोज."

माझी सुरी थांबली. आमच्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो आणि त्यात 'चांगली' एवढंच लिहायचं असतं. दादा तोच रकाना इंग्रजीत भरत होते.

"कसं झालं बे प्रथमेश?" कॉल संपल्यावर त्यांनी खुशीत विचारलं.

"दादा, मुलगी बघायला पाहुणे आल्यासारखी उत्तरं दिलीत."

रेखाकाकूंनी तर कपाळाला हात लावला. "अहो, वाद घालते म्हणून सांगायचं असतं! इथे तेच हवं असतं. आम्ही अनयने टोस्टर खोलला हेसुद्धा सांगितलं."

"खोलला होता?"

"टोस्टरचा खोका. पण सांगितलं."

दादांनी बाईंना मेल केला. बाई भल्या होत्या. पुन्हा बोलू, म्हणाल्या, येताना अनिकाची दोन-चार उदाहरणं आणा. संध्याकाळी दादा अनिकासमोर जाऊन बसले.

"बेटा, काहीतरी विचार ना."

"लाइक व्हॉट?"

"काहीही. मला त्रास दे थोडा."

तिने त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिलं. "आय हॅव होमवर्क, बाबा," म्हणाली आणि वर गेली.

शेवटी त्यांनी वहिनींना फोन लावला. स्पीकर चालू होता. वहिनी हसायलाच लागल्या. "अहो, रोज शाळेत जायच्या आधी फोनवर डोकं खाते माझं! काल म्हणे, जन्मापासून ज्याला दिसत नाही त्याला स्वप्नात काय दिसतं? त्याआधी, विहारात सगळे डोळे मिटून बसतात, तर नेमकं ऐकतात काय? आणि मोज्यांवरून तर केवढी भांडली माझ्याशी! तुम्हाला ठाऊक नाही?"

दादांनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. सकाळी त्या वेळी ते रोज खाली तिचा डबा भरत असतात.

दुसऱ्या कॉलवर वहिनीही होत्या, नागपूरहून. त्या बोलत होत्या, बाई हसत होत्या, लिहून घेत होत्या. दादांची खुर्ची सरकत सरकत इतकी बाजूला गेली, की स्क्रीनवर त्यांचा फक्त एक कान उरला. शेजाऱ्यांच्या मुलीचं कौतुक ऐकावं तसे ते ऐकत होते आणि प्रत्येक वेळी जरा उशिरा हसत होते.

निवड झाली. काकूंनी अभिनंदनाच्या आधी क्लासचं नाव विचारलं. वहिनी फोनवर रडल्या. त्या संध्याकाळी भांडी विसळता विसळता दादा म्हणाले, "अनू, एखादा प्रश्न मलाही विचार की. सगळे आईलाच का?"

"यू गेट टायर्ड."

"नाही थकत."

तिने जरा विचार केला. "एक आहे. पण तो तुला येत नाही."

कोणता, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"तरी विचार."

"आई कधी येणार?"

"माहीत नाही, बेटा."

"दॅट्स नॉट ॲन आन्सर!" ती ओरडली. "का माहीत नाही? तू त्या व्हिसावाल्यांना फोन का करत नाहीस? मला तिकडे का नाही नेत?"

दादांनी नळ बंद केला, हात पँटला पुसले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. मी लाटत होतो त्या पोळ्या तशाच ठेवून वर आलो. बराच वेळ खालून एकटीचाच आवाज येत होता. दादा तिला एकदाही गप्प बस म्हणाले नाहीत.