साडेचार वर्षांचा पाहुणा

आमच्या घरात आजवर तीन बोरन्हाणं झाली. पहिलं आमच्या निखिलचं, तो दोन वर्षांचा असताना. दुसरं गेल्या जानेवारीत, एका नव्वद वर्षांच्या गृहस्थांचं. तिसऱ्याबद्दल शक्यतो बोलायची वेळ येऊ नये.

दोष डेन्मार्कच्या लोकांचा आहे. (बायकोच्या मते माझा आहे. पण जळगावात उभा जन्म गणित शिकवलेल्या माणसाला आकड्यांवरून बोलणारी ही कोण?)

त्याचं असं झालं, निखिल नोकरीला कोपनहेगनला गेला आणि तिथल्या मेटे नावाच्या मुलीशी लग्न ठरवून बसला. होणाऱ्या सुनेवर छाप पाडावी म्हणून मी मोबाइलवर डॅनिश आकडे शिकायला घेतले. पन्नासपासून ते असे काही वाकड्यात शिरले, की मी सरळ नॉर्वेचे आकडे धरले. काय गुणी माणसं! नऊला 'नी', नव्वदला 'नित्ती'. स्वीडनवालेही तसेच. म्हटलं, शेजारशेजारचे देश, असून असून फरक किती असेल? जळगाव-धुळ्याइतका! शिवाय एक खास माहिती हाती लागली. तिकडं 'हाल्व फेम', म्हणजे 'अर्धा पाचवा', म्हटलं की घड्याळात साडेचार वाजलेले असतात. झालं! मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो.

एके दिवशी मेटेचा व्हिडिओ कॉल आला. निखिल ऑफिसात होता.

"माझ्याबरोबर फाफा येतोय," ती इंग्रजीत म्हणाली. (इंग्रजीत 'तो' आणि आदराचं 'ते' एकच, हे लक्षात ठेवा. माझ्या बचावाला लागेल.) "मला आईवडील नाहीत. फाफाच माझं सगळं. त्याला तुमचं घर आवडलं, तरच मी लग्नाची तारीख धरणार."

मी ऐटीत नॉर्वेच्या भाषेत विचारलं, "वय किती?"

पोरगी खूश! "हॅल्फेम्स!" म्हणाली.

शेवटी एक 'स' जास्त ऐकू आला, पण तो मी सर्दीचा धरला.

"साडेचार वर्षांचा आहे," फोन ठेवून मी जाहीर केलं. "भाचाबिचा असेल."

"आणि आपल्या पोराच्या लग्नाचं तो ठरवणार?" बायको म्हणाली. "लाडावलेलं दिसतंय!"

त्यात मेटेचा मेसेज आला: फाफाला मऊ भात लागतो, दुपारी झोप लागते आणि जिन्यावर कोणाला तरी हात धरावा लागतो. सगळं कसं जुळलं! पण मला घाम फुटला. एकुलत्या एक पोराचं लग्न, आणि ते एका बालवाडीच्या हातात! कार्टं रुसलं म्हणजे?

धरणगावहून माझी थोरली बहीण आली होती, अक्का. ती लिंबांपासून भाकरींपर्यंत सगळं अजून विसाविसानं मोजते. तिनं तोडगा काढला. "पाचना आत शे ना, भाऊ? मंग बोरन्हाण करी टाकू. पोरगं खूश, तं बठ्ठं घर खूश!"

बायकोनं बाजार पालथा घातला. हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार, हलव्याची बासरी, काळा इवलासा कुर्ता, बोरं, मुरमुरे, रेवड्या, उसाचे करवे. शेजारून तीनचाकी सायकल आणली, तिला फुगे बांधले. गल्लीतली सगळी पोरं अंगणात आणून बसवली. निखिलला मुद्दाम काहीच सांगितलं नाही. सरप्राइज!

गाडी आली. निखिल उतरला, मेटे उतरली. मग गाडीतून एक काठी बाहेर आली आणि काठीमागून सहा फुटी म्हातारे गृहस्थ. मी त्यांना वळसा घालून गाडीत डोकं खुपसलं. सीटखालीसुद्धा पाहिलं.

"फाफा कुठंय रे?"

"बाबा, हे काय समोर! फाफा म्हणजे बापाचा बाप. आजोबा!"

"पण... साडेचार..."

"नव्वद!" निखिल किंचाळला.

मेटेनं मला समजावलं. डेन्मार्कात पूर्वी विसाविसानं मोजायचे. हॅल्फेम्स म्हणजे अर्धा पाचवा वीस. साडेचार गुणिले वीस! मी मनातल्या मनात गुणाकार केला. उत्तर दुर्दैवानं बरोबर होतं.

आजोबा सायकलीकडे बघत होते. मग त्यांनी तो कुर्ता उचलला आणि स्वतःच्या छातीला लावून पाहिला. मेटे लालबुंद. निखिल माझ्याकडे असा बघत होता, की मला गाडीच्या सीटखालीच जाऊन बसावंसं वाटलं. गेलं लग्न, मी म्हटलं. माझ्या हातानं घालवलं!

"काय म्हनस ती?" अक्कानं विचारलं. मी कसंबसं सांगितलं.

"साडेचार ईसा?" अक्काचा चेहरा खुलला. "मंग चुकनं काय? पाच ईसाना आतच शे ना! बसाडा बाबाले!"

पाटावर गुडघे वळेनात, म्हणून आजोबांना खुर्चीत बसवलं. हार गळ्यात शिरेना, तो मनगटाला गुंडाळला. अक्कानं डोक्यावर बोरं ओतली आणि गल्लीतली पोरं तुटून पडली. आजोबा आधी दचकले. मग त्यांनी खाली वाकून एका पोराच्या तावडीतून रेवडी पळवली आणि पोट धरून हसले! मेटेला काहीतरी म्हणाले. तिनं डोळे पुसले.

"फाफा म्हणतो, या घरात पाऊल टाकताच माझी साडेपंच्याऐंशी वर्षं गळून पडली. तारीख धर."

(वजाबाकी मी तपासली. बरोबर होती.) मला इतका आनंद झाला, की मी आजोबांना मिठीच मारली. त्यांनी माझं वय विचारलं.

"त्रेओत्रेस," मेटेनं सांगितलं.

त्रेसष्ट! आयुष्यात पहिल्यांदा डॅनिश आकडा ऐकताक्षणी कळला. "म्हणजे तीन आणि तीन विसा," मी अक्काला ऐटीत समजावलं.

"पहिले तीनच ना?" अक्का म्हणाली. "मंग याले बी बसाडा!"

आणि मला बसवलं. उरलेली बोरं माझ्या टकलावर आली. आजोबांना लहान झालेला मुकुट अक्कानं माझ्या डोक्यावर ठेवला. साडेचार वर्षांच्या डोक्याच्या मापाचा होता. मला अगदी बरोबर बसला!