कंटेनरला बांधलेली माळ

जळगावजवळच्या केळीच्या पॅकहाउसमध्ये कामाला आलो तेव्हा मालकांनी, म्हणजे भाऊंनी, शिक्षण विचारलं. आठवीतून शाळा सोडली, म्हणालो. "रत्नागिरीत आंब्याच्या पेट्या भरल्यास ना? मग केळीच्याही भरशील," म्हणाले. झालं, लागलो. गावाकडे आंब्याचं काम दोन-तीन महिन्यांचं. उरलेलं वर्ष घरच्यांच्या तोंडाकडे बघत काढायचं. म्हणून भाऊंचे उपकार मी विसरत नाही.

गेल्या वर्षी आखातातल्या एका नव्या व्यापाऱ्याला आमचा पहिला कंटेनर जायचा होता. माल हिरवा पोचला तर पुढचं काम पक्कं. वाटेत पिकला तर परदेशी माल पाठवणं बंद आणि त्यासाठी ठेवलेले आम्ही घरी. केळीला आत तेरा अंश हवेत, आणि कंटेनर थंड ठेवणाऱ्या मशीनचा तो आकडा समुद्रातूनही मोबाइलवर दिसतो. तो बघायचं काम माझ्याकडे. मी मुळात घाबरट, त्यामुळे जेवतानाही फोन ताटाशेजारी.

कंटेनर निघाला तो दिवस खंडेनवमीचा. विळे, वजनकाटा, पेट्यांना पट्टी मारायचं यंत्र, सगळ्यांना झेंडू आणि हळदकुंकू वाहिलं होतं. केळीच्या फण्या धुणाऱ्या बायकांच्या प्रमुख अक्का, अमळनेरकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "खरं काम तं हाई मशीन करनार शे. त्याले माळ नको का?" आणि मशीनच्या पंख्याच्या जाळीवर मनगटाएवढी जाड माळ त्यांनी सुतळीनं आवळली. वाऱ्यानं उडू नये म्हणून गाठी जरा जास्तच मारल्या. आम्ही सगळ्यांनी हात जोडले.

आखातात तेव्हा जहाजांची कोंडी झाली होती. आमचंही जहाज बंदराबाहेर थांबवून ठेवलं. एका दुपारी तेराचा आकडा चौदा झाला, मग पंधरा. मुंबईच्या एजंटला फोन केला, त्यानं जहाजाला कळवलं. थोड्या वेळानं जहाजावरून फोटो आला. भिजून काळी पडलेली माळ जाळीला चिकटली होती आणि हवा अडली होती. खाली जहाजावरच्या विजेच्या मिस्त्रीनं इंग्रजीत काही लिहिलेलं. मोबाइलनंच त्याचं मराठी करून दिलं: "मी फिलिपिन्सचा आहे. ही पूजेची वस्तू दिसते. तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावत नाही. कापू का?"

इकडे माल तापतोय आणि हा परवानगी मागतोय! त्याच्यावर चिडावं की त्याच्या पाया पडावं, कळेना.

भाऊ धुळ्याला, देवपुरात, पुतणीच्या सोयरिकीच्या बैठकीत होते. फोन लावला, तर दबक्या आवाजात म्हणाले, "अरे, काप म्हणावं! पण थांब, आधी अक्कांच्या कानावर घाल. नाहीतर उद्यापासून त्या कामावर यायच्या नाहीत." मग लगेच मोठ्यानं पाहुण्यांना, "घ्या ना, चहा घ्या."

मी फण्या धुण्याच्या टाकीकडे पळालो. तुमच्या माळेनं घात केला, असं तोंडावर कसं सांगणार? नुसता फोटो पुढे धरला.

"आते माय! मनी माळ?"

"जहाजावरचा माणूस विचारतोय, कापू का."

"मग तू आठे काय करी ऱ्हायना, कोकण्या? काढ म्हन त्याले! देव काय रागे भरस का? बठ्ठी केळी पिकी जातीन!"

टाकीपलीकडून एक बाई म्हणाली, "अक्कानी माळ बोटमा बशीन दुबईले गयी, अक्का आठेच!" सगळ्या हसल्या. अक्काही हसल्या आणि ओल्या हातानंच मला थांबवून म्हणाल्या, "आनि सांग त्याले, तुनं भलं व्होवो."

'कापा' लिहिलं, त्याखाली तेही लिहिलं. फोननं त्या आशीर्वादाचं इंग्रजीत काय केलं, देव जाणे. उत्तरात जोडलेले दोन हात आले.

मग आकडा हळूहळू उतरायला लागला. चौदा. साडेतेरा. उपग्रह, बंदरं, देशादेशांतला व्यापार ही मोठ्या लोकांची कामं, असं मी समजत होतो. त्या दुपारी एका अनोळखी माणसानं विचारलं, आम्ही उत्तर दिलं आणि माल वाचला. उपड्या क्रेटवर बसून मी थंड झालेली भाकरी खाल्ली. कित्येक दिवसांनी ती घशाखाली नीट उतरली.

माल हिरवा पोचला. व्यापाऱ्यानं दुसरा कंटेनर मागवला तेव्हा मी घरी फोन केला.

"दिवाळीला येतोस, की कायमचाच येतोस?" आईनं विचारलं.

"दिवाळीला येतो. भाऊबीज झाली की निघणार."

ती म्हणाली, "बरं झालं बाबा. आणि येताना केळी आणू नकोस. परसात लागलीत."