सुरुचीचा डावा डोळा

उदगीरच्या सुरुचीला दिल्लीत येऊन बरीच वर्षं झाली, तरी घाईत असली की तिच्या हिंदीत मराठी घुसतंच. मुनिरकात भाड्याच्या खोलीत राहायचं आणि प्रयोगशाळेत बकऱ्यांच्या डोळ्यांवर पीएचडी करायची, हा तिचा संसार. डोळ्यातलं पाणी म्हटलं की लोकांना रडणं आठवतं. हिचं पाणी वेगळं, डोळ्याच्या आत भरलेलं, भिंगाला पोसणारं. एक्स-रेचा मारा झाला की त्या पाण्यातलं सी व्हिटॅमिन खर्ची पडतं, असं तिचं म्हणणं होतं.

म्हणणं सोपं, सिद्ध करणं महाकर्मकठीण! मटणाच्या दुकानातून ती एकेका बकऱ्याचे दोन्ही डोळे आणायची. ट्रेमध्ये डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. डाव्यावर मारा करायचा, असं तिचं ठरलेलं. ती सांगेल त्या डोळ्यावर मशीनवरचा गौरव एक्स-रे सोडायचा आणि दुसरा शिशाच्या पत्र्याने झाकायचा. मग ती दोन्हींतलं पाणी सुईने काढून तपासायची. पण आकड्यांचा नुसता सावळागोंधळ. कधी व्हिटॅमिन डाव्यात कमी, तर कधी चक्क उजव्यात. शेवटी तिच्या गाइड देविका मॅडम म्हणाल्या, "अजून एक बॅच, सुरुची. नाही जमलं तर हा विषय बंद."

संध्याकाळी ऑटोने खोलीवर जाताना ती त्याच तंद्रीत होती. वळण दिसताच ओरडली, "भैया, डावीवाली गली!" ऑटोवाल्याने झोकात उजवीकडे घेतलं.

"अरे, ये किधर?"

"आपने ही तो बोला, दाईंवाली!"

भांडायला उघडलेलं तिचं तोंड तसंच राहिलं. डावी. दाईं. म्हणजे उजवी! डोकं ठिकाणावर असलं की ती गौरवला नीट हिंदीत 'बायाँवाला' सांगायची, आणि घाईत असली की 'डावावाला'. तो बिचारा 'दायाँ' ऐकून उजव्यावर मारा करायचा. भलत्याच गल्लीत ती खदाखदा हसत सुटली. ऑटोवाला घाबरून मागे वळून बघायला लागला.

"मॅडम, जुने आकडे फिरवून लावू?" सगळा घोळ सांगून तिने सकाळी विचारलं.

"बिल्कुल नाही. आपल्या सोयीने फिरवले तर ती लबाडी. नवी बॅच कर."

ती मनातून चरफडली, पण पटलंही. आता डाव्या डोळ्याला तिने लाल दोरा बांधला आणि गौरवला ठणकावलं, "लालवाला. बस, लालवाला!" मॅडमनी पाण्याच्या नळ्यांवर नुसते नंबर घातले. तपासताना कुठली नळी कुठल्या डोळ्याची, हे सुरुचीलाही कळायची सोय नव्हती.

मग नंबर जुळवले. एकूण एक जोडीत लाल दोऱ्याच्या डोळ्यातलं व्हिटॅमिन घटलेलं! मॅडमनी आकडे पुन्हा तपासले आणि खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या.

"विषय चालू. पेपर लिहायला घे. पहिलं नाव तुझं."

सुरुचीला आनंद मावेना. ती कॉरिडॉरमधून धावतच मशीनच्या खोलीत शिरली.

"गौरव भैया, जिंकलो! जिंकलो!"

"मतलब?"

"मतलब जीत गए, यार!"