पेडण्यातली मेंढ्यांची विहीर

आमच्या गावात मेंढ्यांची विहीर कधीही नव्हती आणि आजही नाही. हे मी आरंभीच लिहून ठेवतो, कारण अलीकडे एका तरुण अभ्यासकाने पेडण्याच्या लोकपरंपरेवर जी पुस्तिका काढली तिच्यात या विहिरीला चांगले अर्धे पान दिले आहे. देवाला घालायच्या गावच्या गाऱ्हाण्यात तिचे नाव येते, त्याअर्थी प्राचीन काळी घाटावरून उतरलेल्या मेंढपाळांची येथे वस्ती असली पाहिजे, असा त्याचा सिद्धान्त. आमच्या दमट हवेत मेंढरू औषधालाही सापडत नाही, याची चौकशी करण्याचे कष्ट त्याने घेतले नाहीत. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, चिरे काढून उरलेला एक खड्डा कोणीतरी त्याला दाखवला आणि त्याने त्याचे छायाचित्रही छापले.

ती विहीर स्कॉटलंडमध्ये आहे. मी तिचे पाणी प्यालो आहे. ती आमच्या शिवेवर कशी येऊन बसली हे नीट ठाऊक असलेली दोनच माणसे आता हयात आहेत. एक मी. दुसरे आमच्या शाळेचे निवृत्त मास्तर, आणि ते खोटे सांगतात.

आमचे गाव गोव्याच्या अगदी कडेला. आमच्या खाजनाच्या, खाडीकाठच्या खाऱ्या शेताच्या, बांधावर उभे राहून हाक मारली तर ओ महाराष्ट्रातून येते. अशा गावाला आपली शीव सांभाळावी लागते. म्हणून मार्गशीर्षातली जत्रा आटोपली की गावकर मंडळी शिवेची फेरी काढतात. शीव राखणारा देव तो राखणदार; त्याची वेताची काठी घेऊन एकजण पुढे चालतो. प्रत्येक खुणेपाशी जाड भाकरीचा रोट ठेवायचा, थोडा सोरो, म्हणजे गावची दारू, शिंपडायचा, एक विडी पेटवून दगडावर टेकवायची, आणि काठीवाल्याने गाऱ्हाणे घालायचे. खुणांची नावे क्रमाने घेऊन त्या सांभाळ म्हणून राखणदाराला विनवायचे. एकेका नावावर मागची मंडळी 'व्हय म्हाराजा!' म्हणून गजर करतात, आणि एकदा हा गजर झाला की ते बोलणे देवाच्या दरबारी नोंदले गेले, ते मागे घेता येत नाही.

ती काठी आमच्या घरची. वडिलांनंतर ती थोरल्या भावाने चालवली. तो गेला तेव्हा मी जहाजावरची नोकरी संपवून नुकताच घरी आलो होतो, आणि गोवा घटक राज्य झाले त्याच वर्षी काठी माझ्या हाती येण्याची वेळ आली.

त्या दिवसांचे वातावरण आजच्या पोरांना सांगून पटत नाही. मराठी की कोकणी, या प्रश्नावर सख्खे भाऊ एका पंगतीला बसत नव्हते. गंमत अशी की आमच्याकडचे मराठीवाले तावातावाने भांडत ते कोकणीतून, आणि कोकणीवाले सभेचे हस्तपत्रक काढत ते शुद्ध मराठीत. मी मराठीचा, मास्तर कोकणीचे. गाऱ्हाण्याची भाषा मात्र कोणाच्याच बाजूची नव्हती, त्यामुळे तिच्यावरून भांडता येईना. म्हणून मास्तरांनी माझ्यावरून भांडण काढले.

देवळाच्या सभामंडपात गावकर जमले होते. मास्तर उठले आणि म्हणाले, "काठी घराची म्हणान घरात ऱ्हवची, ह्या माका मान्य. पण ह्येचा अख्खा आयुष्य दर्यार गेला. ह्येका गावची शीव काय म्हायत?"

मी म्हणालो, "भर दर्यात वाट सोधलली माणसा आमी. पाच खुणो सोधूक कितको वेळ लागता?"

"वाट कप्तान सोधी. तू खाली इंजिनाक तेल घालीत होतंस."

मंडप हसला. मी नाही हसलो. ज्येष्ठ गावकराने तंटा तोडला: काठी यंदा मीच धरायची, पण गाऱ्हाण्यात एक जरी खूण चुकली तर ती मास्तरांच्या घरात जाईल, आणि पुन्हा आमच्याकडे यायची नाही. माझ्या तीन पिढ्यांचे पुढे चालणे माझ्या एका जिभेवर येऊन टेकले. त्या रात्री बायको म्हणाली, "पाचच तर नावां. पाठ करा." मी तिला सुनावले की, मला शिवेच्या खुणा कोणी शिकवायला नकोत, तसल्या परीक्षा मी सातासमुद्रापार दिल्या आहेत.

दिल्याच होत्या. आणि इथे मला स्कॉटलंडकडे वळले पाहिजे, कारण त्या गावाविषयीही आमच्या गावात खोटेच पसरलेले आहे.

तरुणपणी आमचे जहाज दुरुस्तीसाठी तिथल्या एका गोदीत शिरले आणि कामगारांच्या संपामुळे अख्खा उन्हाळा अडकून पडले. आमचा सेकंड इंजिनियर त्याच मुलखातला. तो मला आपल्या गावी घेऊन गेला. गाव इंग्लंडच्या शिवेला लागून, नदीच्या काठी. लोकरीच्या गिरण्या आणि एका मठाच्या पडक्या भिंती. कधी या राजाने जाळले, कधी त्या राजाने. सावंतवाडीकर आणि फिरंगी यांच्या मधे आमच्या आजोबा-पणजोबांचे जे झाले तेच यांचे, फक्त थंडीत. पूर्वज गुरे पळवत असत. आमच्याकडे ज्याच्या खापरपणजोबाने शेजाऱ्याचा रेडा हाकून नेला त्याचे कुटुंब अजून मान खाली घालून चालते. तिथे त्याच पराक्रमाचे चित्र खाणावळीच्या दारावर रंगवलेले.

सेकंडसाहेबाची आत्या त्या घरची कर्तीसवरती. ती कोणती भाषा बोलते ते मला पंधरा दिवस कळले नाही. ती इंग्रजीच आहे असे सेकंडसाहेब शपथेवर सांगे. घरात आणि बाजारात ही बोली, पत्र लिहायचे झाले की राजधानीची इंग्रजी. त्यावरून कोणी मोर्चा काढला नव्हता. मला तेव्हाही ते जरा आळशीपणाचे वाटले.

या गावाची दर उन्हाळ्यात शिवेची फेरी निघते, घोड्यांवरून. पुढे एक तरुण निशाण घेऊन. हे निशाण गावच्या पोरांनी लढाईत शत्रूकडून हिसकावले, असे पुरुषमंडळी डोळ्यांत पाणी आणून सांगत, आणि आत्याबाई दर वेळी स्वयंपाकघरातून ओरडत, "पडदा होता तो! आमच्याच देवळातला!" या प्रश्नाचा निकाल माझ्या मुक्कामात लागला नाही. मी आत्याबाईंच्या बाजूने होतो, कारण जेवण त्या करत.

मुख्य फेरीपूर्वी अनेक आठवडे सरावाच्या फेऱ्या होतात. त्या सगळ्यांत मी होतो. मी घोड्यावरून पडलो, ही मास्तरांची आवृत्ती. सत्य असे की माझ्या तट्टाने एक ओहोळ ओलांडण्याचे नाकारले आणि मी त्याच्या मताचा आदर राखून खाली उतरलो. उतरताना ओहोळ मधे आला.

आत्याबाईंचा कटाक्ष असा की जो फेरीत जाईल त्याने खुणा पाठ म्हटल्या पाहिजेत. संध्याकाळी चहाच्या वेळी लोण्याबरोबर खायचे गरम गोल पाव त्या समोर आणून ठेवत आणि वर हात धरून बसत. गिरणीचा बांध, तीन दगड, वाऱ्याची खिंड, मेंढ्यांची विहीर, तुटका पूल. एक नाव मागेपुढे झाले की पाव परत भट्टीकडे. उपाशी माणसाच्या डोक्यात गेलेले पुन्हा बाहेर निघत नाही. परवा मला धाकट्या नातवाचे नाव आठवेना, पण वाऱ्याची खिंड आठवते.

एका गोष्टीचा मात्र मला तिथे संताप आला. प्रत्येक खुणेपाशी ही मंडळी व्हिस्कीचा एकेक घोट घेत, आणि दगडाला एक थेंब नाही. राखणदाराला कोरडा ठेवून भक्तांनी प्यायचे! पहिल्याच दिवशी मी माझा पेला दगडावर ओतला. सगळे हबकले, देवभयाने नव्हे, नासाडीने.

"दगड पीत नाही," सेकंडसाहेब म्हणाला.

"तुम्ही विचारले कधी त्याला?" मी म्हणालो.

पुढे कितीतरी वर्षांनी त्याचे पत्र आले. आता तिथे प्रत्येक दगडावर थोडी व्हिस्की ओततात आणि पाहुण्यांना सांगतात की ही फार प्राचीन रीत आहे. खलाशाचे नाव कोणी घेत नाही. इतिहासाकडून माझी एवढीच अपेक्षा होती.

असो. आमच्या फेरीचा दिवस उजाडला. काठी हातात, मागे सगळे गावकर, आणि माझ्या अगदी पाठीला लागून मास्तर, कान टवकारून. चव्हाट्याचा वड झाला, ओहोळावरची कोंड, तो खोल डोह, झाली. मग आम्ही सडा चढलो. वर वारा सुटला होता, पिवळे पडलेले गवत आडवे झाले होते, खालच्या खोऱ्यात धुके अजून विरले नव्हते. काळ्या दगडावर मी रोट ठेवला, सोरो शिंपडला, आणि सुरू केले:

"बा राखणदारा म्हाराजा! चव्हाट्याचो वड सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!"

"ओहळावयली कोंड सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!"

"सड्यावयलो काळो दगड सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!"

"मेंढ्यांची बांय सांभाळ! मोडको पूल सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!"

विहिरीला आमच्याकडे बांय म्हणतात. पुढची दोन नावे, जोड आंबे आणि खाजनाचा बांध, मी बिनचूक घेतली. ती होईपर्यंत मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली होती.

मी सोरो घेतला होता, असे मास्तर आजही सांगतात. शिंपडताना बोटांना लागला असेल तेवढाच. मी विसरलो, असेही सांगतात. विसरलेला माणूस पाचाची चार नावे घेतो. मी सात घेतली. आत्याबाई शिक्षिका म्हणून मास्तरांपेक्षा सरस होत्या, एवढाच त्याचा अर्थ.

"काठी हाड हंय," मास्तर हात पुढे करून म्हणाले. "मेंढ्यांची बांय! खंय आसा ती?"

"तुमी व्हय म्हाराजा म्हटलात काय नाय?"

"सगळ्यांनी म्हटल्यान!"

"तुमचो आवाज सगळ्यांत मोठो होतो."

हे खरे होते. वीस वर्षे वर्गात ओरडलेला गळा. मास्तरांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि देवाचा कौल मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात कौल लावला. पुजाऱ्याने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर काल सड्यावर झालेले गाऱ्हाणे देवाला मान्य. डावी पडली तर काठी मास्तरांची. किती वेळ काहीच पडेना. आयुष्यात मी बॉयलर फुटण्याची वाट पाहिली आहे, पण इतका घाम तेव्हाही फुटला नव्हता. वडिलांची चाल, भावाची चाल, सगळे एका जास्वंदीच्या पाकळीवर लटकलेले. शेवटी उजवी पडली. पंख्याने पाडली, असे मास्तर म्हणतात. पंखा डावीकडे होता. म्हणजे त्यांच्या दृष्टीने. माझ्या दृष्टीने पंखाच नव्हता.

ज्येष्ठ गावकर म्हणाले, "देवाक मानावला. काठी ह्येंच्याकडेच. पण मानावला म्हणजे जसा म्हटला तसाच दर वर्सा म्हणाचा."

"म्हणजे दर वर्सा स्कॉटलंड?" मास्तर ओरडले.

"दर वर्सा," गावकर म्हणाले.

तेव्हापासून आमच्या राखणदारावर एका परक्या मुलखातली विहीर आणि एक पूल सांभाळण्याचा भार आहे. त्याने तक्रार केलेली नाही. मी पुढची कितीतरी वर्षे काठी चालवली आणि मास्तर दर वर्षी माझ्या पाठीमागे सात नावे मोजत राहिले. त्या विहिरीची सगळ्यांत जास्त टिंगल त्यांनी केली, आणि सगळ्यांत पक्की पाठ झाली तीही त्यांचीच.

परवाच्या जत्रेआधी माझे गुडघे सडा चढायला नाही म्हणाले. मुलगे दोघेही जहाजावर. गावातले दोन उत्साही तरुण काठी मागायला आले; त्यांच्या हातात ती पुस्तिका होती. मेंढपाळांच्या वस्तीविषयी ते माझ्याच ओसरीवर मला माहिती देऊ लागले. त्यांना चहा देऊन वाटेला लावले आणि मास्तरांना बोलावणे धाडले.

मास्तर काठी टेकत आले. साधी काठी, स्वतःची. मी समोर ताटलीत गरम पोयी, आमच्याकडचा गोल पाव, ठेवली आणि वर हात धरला.

"म्हणा."

"ह्या वयात परीक्षा घेतंस?"

"म्हणा, मास्तरांनु."

त्यांनी सातही नावे म्हटली. मी हात काढला. राखणदाराची काठी त्यांच्या हातात दिली तेव्हा आम्ही दोघेही दुसरीकडे पाहत होतो.

फेरीच्या दिवशी मी रिक्षा करून सड्याच्या रस्त्यापर्यंत गेलो आणि तिच्यातच बसून राहिलो. मास्तरांचा आवाज अजून खणखणीत. वड झाला, कोंड झाली, काळा दगड झाला. मग त्यांनी एकदा माझ्या रिक्षाकडे पाहिले आणि म्हणाले, "मोडको पूल सांभाळ! मेंढ्यांची बांय सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!"

"आदी बांय!" मी रिक्षातून ओरडलो. "मागीर पूल!"

"व्हय म्हाराजा!" मंडळी सवयीने गरजली.

आता दोन्ही क्रम देवाच्या दरबारी नोंदले गेले आहेत, आणि दर वर्षी दोन्ही म्हणावे लागणार. दोष माझा, असे मास्तर गावभर सांगत आहेत. मुद्दाम त्यांनीच उलटे म्हटले. मी त्यांचे डोळे पाहिले आहेत.