कोपराखालची रेघ

जीजी गेली हे मला सांगायचं कोणी, हाच त्या दुपारी आमच्या घरात प्रश्न होता. घरात माणसं नव्हती असं नाही. आमचे हे शेतावर गेले होते, पण मी होते, माझे भासरे होते. पण भासऱ्यांनी धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्या चिखलीच्या घरातली जुनी रीत. त्यांचा शब्द माझ्यापर्यंत आणायचा आणि माझा त्यांच्यापर्यंत न्यायचा, हे काम जीजीचं. जीजी म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली जाऊ. मी मागच्या पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. भासरे दारात येऊन उभे राहिले. मी पदर सावरून मान खाली घातली. त्यांनी कोपऱ्यातल्या पाण्याच्या रांजणाकडे पाहिलं, आणि त्यालाच म्हणाले, "गेली..."

खोटं कशाला सांगू, मला आधी वाटलं गाय दावं तोडून गेली. उठून गोठ्याकडे दोन पावलं टाकलीसुद्धा. मग त्यांच्या हातात जीजीची शाल दिसली.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ही बोलण्याची तऱ्हा पाहून मला हसू आवरायचं नाही. तिघंही एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर. भासरे ताटावरून जीजीला म्हणायचे, "इतली आळणी भाजी जनावरंबी खात नाहीत म्हणा त्याहीले." मी चुलीपाशी, कान शाबूत. जीजी माझ्याकडे वळून सांगायची, "थोडं मीठ देजो वं धाकले." मी पुटपुटायची, "स्वतः रांधून पाहा म्हणावं एक डाव." जीजी तिकडे वळून सांगायची, "चुकलं म्हणते बिचारी." भासऱ्यांनी माझं ऐकलेलं असायचं, मी त्यांचं ऐकलेलं असायचं, आणि तरी दोघांचाही राग जीजीपाशी येऊन विरघळायचा. आमच्या घरात इतकी वर्षं भांडण झालं नाही याचं श्रेय मी माझ्या गोड स्वभावाला देत आले. आता कळतं, ते कुणाचं होतं.

जीजी खामगावची. तिथल्या शाळेत एका बाईंनी तिला विणकाम शिकवलं होतं. लग्नात भांड्यांबरोबर विणकामाच्या सुयाही सासरी आल्या. आमच्या सासूबाईंना त्या सुयांचा भारी संशय. "बाई रिकामी बसली की घरात अवदसा येते," असं त्यांचं मत, आणि मांडीवर लोकर घेऊन बसलेली बाई त्यांच्या हिशेबी रिकामीच. जीजी वाद घालत नसे. तिनं एके वर्षी पौषात नुसतं सांगितलं, "आत्याबाई, लोणारच्या धारेखाली अंघोळ कराले जातो म्हणतो. धाकलीलेबी नेतो." पौषात लग्नकार्य नाही, मुहूर्त नाही. देवाच्या अंघोळीला सासू नाही कशी म्हणणार? आम्ही एसटीनं निघालो. पिशवीत वर भाकऱ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि तळाशी लोकर.

लोणारला जीजीची मावसबहीण वेणूताई राहायची. तिच्या घराची एक खोली सरोवराच्या कडेच्या अंगाला होती; दारात बसलं की खाली खोल हिरवं पाणी, भोवती झाडी, मधूनच मोराची आरोळी, आणि वारा फिरला की त्या खाऱ्या पाण्याचा तो वास. वेणूताईच्या शेजारच्या कमलबाई मास्तरीणही आमच्याबरोबर असायच्या. पहिल्या सकाळी देवळापाशी पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली अंघोळ व्हायची, म्हणजे सासूबाईंना सांगितलेलं खोटं ठरू नये. त्यानंतर घरी परतेपर्यंत चौघी नुसत्या विणत बसायचो. एक वेळ खिचडी, बाकी बरोबर आणलेलं. जीजीचा नियम एकच: घरचं नाव काढायचं नाही. जी काढेल तिनं दोन्ही हात पुढं करून लोकरीची लडी धरायची, आणि बाकीच्यांनी त्यातून आपापला गुंडा वळून घ्यायचा.

सगळ्यात जास्त लड्या कोणी धरल्या, हे सांगायची गरज नाही. "आता गाय दुभली असेल..." एवढंच मी म्हणायची, की कमलबाई ओरडायच्या, "धर वं लडी!" मी निम्मा पौष दोन्ही हात पसरून, एखाद्या बुजगावण्यासारखी, त्या दारात काढलेला आहे. पण हळूहळू मलाही ते जमू लागलं. एक सुलट, एक उलट, एक सुलट, एक उलट... हात आपले चालत राहतात आणि डोक्यात बसलेली माणसं एकेक करून उठून जातात. सासूबाई जातात, चूल जाते, राहिलेली निवडटिपण जाते. शेवटी डोक्यात कोणीच उरत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत इतकं बरं वाटतं की भीतीच वाटावी. आम्ही तासन्तास बोलत नसू. सुयांचा टिकटिक आवाज तेवढा. मध्येच वेणूताई उगाच हसायची. "काऊन हसली वं?" "काही नाही." आणि हे "काही नाही" अगदी खरं असायचं.

तिथेच मी आमच्या यांच्यासाठी स्वेटर करायला घेतला. खालचा काठ आणि कमरेचा भाग चिखलीला घरी विणलेला, छातीपासून वरचा लोणारला. पुरा झाला तेव्हा यांच्या अंगात घातला. कमरेला इतका घट्ट की श्वास घेववेना, आणि खांद्यापाशी इतका ढगळ की आत आणखी एक नवरा मावावा. हे आरशात पाहून म्हणाले, "भोवरा झाला भोवरा! जाळी गुंडाळा नि फेका मले अंगणात." मला वाटलं, टाके मोजायला चुकले. जीजीनं स्वेटर हातात घेतला, बोटांनी चाचपला. "टाके बरोबर आहेत," ती म्हणाली. "घरी तुहा हात आवळून राह्यते, लोणारले सुटते. ही ओळ पाह्य. या ओळीले तुले कोणी तरी बोललं."

मी पाहिलं. ती ओळ दोरीसारखी आवळली होती. आणि मला लख्ख आठवलं, त्याच सकाळी दूध उतू गेलं होतं आणि सासूबाईंनी माझ्या माहेरापर्यंत मजल मारली होती. माझी सगळी गाऱ्हाणी मी नवऱ्याच्या पोटावर विणून ठेवली होती. आणि तो भला माणूस ती अंगात घालून बाजारात जायचा.

जीजीचं विणकाम मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकसारखं, मऊ, सैल. मी एकदा विचारलं, "जीजी, तुमचा टाका घरीबी असाच सैल कसा पडते वं?"

"मी घरी विणतच नाही," ती म्हणाली.

खरंच की. इतकी वर्षं एका घरात राहून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. लोणारहून आलं की तिच्या सुया पेटीत जायच्या, त्या पुढच्या पौषात निघायच्या. "घरी विणलं तं तेबी घरचं काम होते," तिनं सांगितलं. "मंग कोणी म्हणते लवकर आटप, कोणी म्हणते रंग चांगला नाही. एवढं एक राहू दे नं, कोणाच्या कामाचं नसलेलं."

म्हणूनच भासऱ्यांचा स्वेटर कधी पुरा होईना. चिंचेच्या टरफलासारखी तपकिरी लोकर तिनं त्यांच्यासाठी हौसेनं घेतली होती. पण लोणारचे दिवस मोजके, त्यात कोणाच्या बाळाची कुंची निघायची, कोणाची कानटोपी. एका पौषात पाठ झाली, कधी तरी पुढचा भाग, पुढं एक बाही. भासरे दर हिवाळ्याला ओट्यावरून आवाज द्यायचे, "माह्या तेरवीले तरी घालाले होईन का वं?" आणि जीजी आतून म्हणायची, "घाई काय हाय? तुमी जरा दम धरा."

सासूबाई गेल्या, घर जीजीच्या हाती आलं, तरी पौषातलं लोणार तिनं "धारेची अंघोळ" म्हणूनच चालू ठेवलं. मी म्हटलं, आता खोटं बोलायची काय गरज? ती म्हणाली, "खोटं कुठी? अंघोळ करतो नं आपण."

या वर्षी दिवाळीनंतर तिच्या छातीचं दुखणं वाढलं. मधल्या खोलीत ती पडून असायची. मी पाय चेपायला बसले की डोळे मिटूनच विचारायची, "पौषात जाऊ नं वं?" मी म्हणायची, "जाऊ की. लड्या मीच धरीन." ती हसायची, हसलं की खोकला यायचा, आणि भासरे दारातून जीजीलाच म्हणायचे, "त्याहीले म्हणा, हसवू नका तिले." निरोप कोणाचा, कोणाला, कोणामार्फत, याचा त्यांचाही गोंधळ उडाला होता...

तेरवी झाली, पाहुणे पांगले. एका सकाळी मी ओटा झाडायला गेले तर तिथं जीजीचं गाठोडं ठेवलेलं. आत तपकिरी स्वेटर, सगळा झालेला. फक्त डावी बाही कोपराच्या जरा खालपर्यंत आलेली, टाके तसेच सुईवर. भासरे खांबाजवळ उभे होते. खांबालाच म्हणाले, "एवढी बाही पुरी होत असंन तं पाहा म्हणावं."

मी त्याच दुपारी बसले. दोन-चार ओळी झाल्या आणि हात थांबला. जीजीच्या मऊ कापडाखाली माझी सुतळी वळल्यासारखी लागली होती. उसवलं. दुसऱ्या दिवशी देवाचं नाव घेऊन पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. माझे टाके उसवताना धास्ती वाटायची, की एखादा धागा जास्त ओढला आणि तिचे टाकेही सुटले तर? तिच्या हातचं एवढंच उरलं होतं, आणि ते माझ्यासारख्या धसमुसळ्या बाईच्या हाती. कितीदा विणलं, कितीदा उसवलं. जितकं सैल करायला जावं, तितका हात आवळायचा. चूल समोर, तिची रिकामी खाट मागं. एका संध्याकाळी उसवलेली लोकर मांडीवर घेऊन मी रडत बसले होते. रांजणाच्या बाजूनं आवाज आला, "लोणारची गाडी सकायी असते म्हणा."

घरात दुःख ताजं, वर्षसुद्धा झालं नाही, अशात बाईमाणसानं निघायचं? लोक काय म्हणतील, असं माझ्या तोंडून निघालं. कोणाला उद्देशून, ते मलाच ठाऊक नाही.  "धारेची अंघोळ हाय," भासरे रांजणाला म्हणाले. "तिच्या नावानं."

मी गेले. खोली तीच, वेणूताई, कमलबाई त्याच. जीजीची जागा आम्ही रिकामी ठेवली. पहिल्या दिवशी तिघीही तिच्याबद्दल, म्हणजे घराबद्दलच बोलत होतो, आणि नियमाप्रमाणे तिघींनीही लडी धरायला हवी होती. मग गुंडा वळणार कोण? त्यावर कमलबाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या. दुसऱ्या दिवशी कोणी बोललं नाही. खाली पाण्यावर ऊन सरकत होतं. एक सुलट, एक उलट... कधी तरी ध्यानात आलं, की खाट नाही, चूल नाही, हात आपला चालला आहे. बाही पुरी करूनच परत आले.

परवा स्वेटर भासऱ्यांच्या ओट्यावर ठेवला. त्यांनी तो अंगात घातला. मी दारामागून पाहत होते. अगदी बेताचा बसला. पण कोपराखाली, जिथं तिचं थांबलं आणि माझं लागलं, तिथं एक रेघ उमटली आहे. माझा सगळ्यात सैल टाकासुद्धा तिच्यापेक्षा थोडा घट्टच पडतो. भासऱ्यांनी बाहीवरून अंगठा फिरवला, तो रेघेपाशी अडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रीत विसरून मी दारातूनच बोलले, "उसवून पुन्हा करून देतो. नीट करतो."

त्यांनी खांबाकडे पाहिलं नाही, रांजणाकडेही नाही. मान वळवून माझ्याकडे पाहत म्हणाले, "नको. राहू द्या."

एवढंच बोलले, आणि बाहेर पाहू लागले. तेव्हापासून रोज सकाळी ते ऊन येईपर्यंत ओट्यावर बसतात, डावा हात मांडीवर ठेवून. उजव्या हाताचा अंगठा हळूहळू बाहीवरून खाली येतो, त्या रेघेपाशी थांबतो, आणि पुन्हा वर जातो. रेघेच्या खाली तो उतरत नाही.